मार्चचं पाणी, सप्टेंबरचं पाणी

शिजलेल्या हळदीच्या वासाला कुणी मातीचा सुगंध म्हटलं की मला त्याच्या हातातून माईक काढून घ्यावासा वाटतो. सुगंध कसला डोंबलाचा? फाल्गुनात आमच्याकडं चार रोज येऊन राहावं. शेताशेतात हळद शिजवायचे कुकर लागलेले असतात, लोखंडी ढोलांतून वाफ निघत असते आणि उकडलेल्या कंदांचा तो ओला, उग्र, जरासा कडवट वास कपड्यांत, केसांत, डब्यातल्या पोळीतसुद्धा जाऊन बसतो. परवा वसमतहून हिंगोलीला परत येताना तो बसच्या खिडकीतून आत आला. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "लागला बाई हंगाम." मी नुसती मान हलवली. तो वास मला आवडतो की नाही, हे मला या वयातही नीट सांगता येत नाही.

लहानपणी मात्र आवडायचा. आमच्या घरी हळद होती, थोडीच, पण होती. अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेल्या हळदीवरून अनवाणी चालायचं, पायानं ती वरखाली करायची, हे पोरींचं काम. टाचा पिवळ्या व्हायच्या, नखं पिवळी व्हायची आणि नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा यायची. दहावीच्या माझ्या प्रत्येक पेपराच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला होता. तपासणाऱ्याला वाटलं असेल, पोरगी हळदीच्या मांडवातून उठून थेट पेपरला आली. ओढ्याला आमची आई त्या दिवसांत जाऊ द्यायची नाही. "आत्ता न्हाई जायचं, मिरग लागल्यावर जा," म्हणायची. का, ते विचारायची गरजच नव्हती. ओढ्यात तेव्हा हळद शिजवलेलं पाणी सोडलेलं असायचं. पिवळट, बुळबुळीत, वर फेस आणि खाली कुजका गाळ. पुढं पाऊस लागला की सगळं धुऊन जायचं आणि भादव्यात त्याच ओढ्यात तळाचे गोटे दिसायचे. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

विद्यापीठाला ठाऊक नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. स्वभाव कुजका आहे, याबाबत माझं सासर आणि आमची स्टाफरूम यांचं एकमत आहे. मला मोठी माणसं मोठी दिसत नाहीत, त्याला मी काय करू? एखादा शाल पांघरून दीप लावायला उठला की मला आधी त्याच्या चपलेत अडकलेली सतरंजी दिसते. आणि 'शाश्वतता' हा शब्द तर मी इतक्या मंडपांतून ऐकलाय की तो ऐकला की मला आधी उपरण्याचा आणि प्लॅस्टिकच्या कपांतल्या चहाचा वास येतो. शाश्वततेवरच्या चर्चासत्रानंतर मागच्या भिंतीपाशी त्या कपांचा ढीग पडतो आणि संध्याकाळी शिपाई तो काडी लावून पेटवून देतो. हे दरवर्षी होतं, आणि दरवर्षी मी तिथं उभी असते, कारण हजेरीचं प्रमाणपत्र लागतं.

तर एका हंगामाची गोष्ट. आमच्या विद्यापीठात पर्यावरणाचे एक मोठे सर होते, अजून आहेत, देव त्यांना आयुष्य देवो. त्यांना प्रदूषण दूर करण्याचा एक प्रकल्प मिळाला होता. शिरड शहापूरच्या पुढं फाट्यावरून आत गेलं की एक गाव लागतं, त्या गावाचा ओढा कर्दळीनं स्वच्छ करायचा. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तिथं दुसरा प्रकल्प येईल. ओढ्यात दगडगोट्यांचे वाफे करायचे, त्यांत कर्दळ लावायची, आणि घाण पाणी त्या मुळांतून गाळून पुढं जाऊ द्यायचं. कल्पना वाईट नाही. सांडपाण्यावर ती चालते, मी स्वतः पाहिलंय. पण हळदीच्या हंगामात ओढ्याला जे येतं त्यापुढं चार वाफे कर्दळ म्हणजे पुराला पायपुसणं घालण्यासारखं होतं.

पण सरांचे प्रकल्प फसत नसत. त्याचं कारण त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं, असं मी आजही म्हणते. लबाडी करायलासुद्धा जिथं उभे आहोत ती जागा माहीत असावी लागते, आणि सर ओढ्यापाशी कधी उभे राहिले नाहीत, ते गाडीपाशी उभे राहायचे. प्रकल्पाचा पैसा वर्ष संपता संपता यायचा, म्हणजे मार्चात. तो आला की घाईघाईनं पहिले नमुने घ्यायचे. मार्चात ओढा कसा असतो ते वर सांगितलं. पाणी काळंपिवळं, प्राणवायू नावाला नाही. मग कर्दळ लावायची. मग पावसाळा. अहवाल द्यायचा सप्टेंबरात, म्हणून दुसरे नमुने सप्टेंबरात. तेव्हा पाणी नितळ, बेडूक, मासोळ्या, सगळं राजीखुशीनं नांदतंय. मार्चचं पाणी घाण, सप्टेंबरचं पाणी स्वच्छ, आणि दोन्हीच्या मध्ये सरांची कर्दळ. बाकी अख्खा पावसाळा मध्ये होऊन गेला होता, पण तो काही प्रकल्पात नव्हता.

अहवालाच्या मुखपृष्ठावर सरांचा फोटो होता. डोक्याला टोपी, गळ्यात ओळखपत्र, छातीपर्यंत हिरवीगार पानं, आणि खाली लिहिलेलं, 'कर्दळीच्या शुद्धीकरण वाफ्यात प्रकल्पप्रमुख'. मी तो फोटो स्टाफरूममध्ये चष्मा लावून पाहिला आणि चहा नाकात गेला. ती हळद होती. सप्टेंबरात हळद छातीला लागते, पानं कर्दळीसारखीच रुंद दिसतात, आणि सर गाडीतून उतरून रस्त्याकडच्या पहिल्या हिरव्या तुकड्यात जाऊन उभे राहिले होते. हळदीच्या जिल्ह्यात हळदीत उभं राहून त्यांनी तिला कर्दळ म्हटलं, आणि वरपासून खालपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. त्या अहवालाला पुढं शाबासकी मिळाली, सरांना शाल मिळाली.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. आपल्याकडं काय कमी अहवाल निघतात? पण त्या गावाला खालची वस्ती आहे. दहापाच नव्हे, बरीच घरं आहेत, रोजंदारी करणाऱ्यांची. तिची विहीर ओढ्याच्या काठाला लागून. हंगामात ओढ्याचं पाणी झिरपून विहिरीत उतरतं आणि घागरीत पिवळी झाक दिसायला लागते. दर हंगामात वस्तीतल्या लेकरांची पोटं बिघडतात. वरच्या गावाला नळ होता, खालच्या वस्तीला नव्हता. वरून खाली नळ आणायचा अर्ज ग्रामपंचायतीनं केला होता, त्याला मंजुरीही मिळत आली होती. तेवढ्यात सरांचा अहवाल आला. कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी तो वाचला आणि अर्जावर शेरा मारला की ओढ्याचं पाणी शुद्ध झाल्याचं विद्यापीठानं सिद्ध केलेलं असल्यानं नळाची आता निकड नाही. मग फाईल परत.

शाल घेताना सरांना हे माहीत नव्हतं. नंतर माहीत झालं. तेव्हा ते म्हणाले, "प्रशासनानं निष्कर्षांचा संदर्भ समजून घ्यायला हवा." म्हणजे हात वर.

शबाना ही त्या प्रकल्पातली संशोधक विद्यार्थिनी. वसमतची पोरगी. वडील हळदीला पॉलिश करणारे ढोल बनवायचे आणि दुरुस्त करायचे, मोंढ्याच्या बाजाराजवळ त्यांचं छोटं दुकान. पोरगी हळदीच्या भुकटीत वाढलेली, त्यामुळं तिला कर्दळ आणि हळद यांतला फरक कुणी सांगावा लागला नव्हता. अंगानं किरकोळ, आवाज बारीक, पण एकदा एखादी गोष्ट मनात आली की वेताळासारखी मानेवर बसणारी. अहवाल छापून आल्यावर ती सरांकडं गेली आणि म्हणाली, "सर, आपण एकदा मार्चात परत नमुने घेऊ. कर्दळ आता वाढलीये. खरंच काम करते का ते तेव्हाच कळेल." एवढंच. यात बंड कुठलं? विज्ञान शिकवणाऱ्यानं पहिल्याच वर्षी शिकवायची गोष्ट आहे ही. पण सरांच्या कपाळाला आठी पडली.

नेमकं त्याच सुमारास विद्यापीठात व्यावसायिक मार्गदर्शनाची नवी योजना आली. मेंटॉर आणि मेंटी. आम्हा महाविद्यालयांतल्या शिक्षकांनाही तीत ओढलं. उद्घाटनाला बाहेरून एक वक्ते आणले होते. त्यांनी सांगितलं की मेंटॉर म्हणजे सावली देणारं झाड. मी वनस्पतिशास्त्राची. मोठ्या झाडाच्या सावलीत खालची रोपं पिवळी पडतात आणि मरतात, हे मला त्यांना सांगावंसं वाटत होतं, पण तोवर जेवणाची घंटा झाली. प्रत्येक मेंटॉरला एक पिशवी, एक पेन आणि एक मेंटी मिळाली. माझ्या वाट्याला शबाना आली. योगायोग असेल, बरं झालं, असं मी म्हटलं. दोनच दिवसांत सरांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं तेव्हा कळलं, योगायोग कसला.

"बसा मॅडम," सर म्हणाले. समोर काजू ठेवले होते. "पोरगी हुशार आहे. पण जरा, काय म्हणतात, घाई आहे तिला. तुम्ही त्याच भागातल्या. तुमचं ऐकेल."

"काय ऐकवायचंय तिला?"

"हेच, की संशोधनात सकारात्मक दृष्टी लागते. प्रत्येक गोष्टीत खोट शोधत बसलं तर करिअर होत नाही. मेंटॉरचं काम हेच तर असतं."

"म्हणजे तिला गप्प बसायला शिकवायचं."

सर हसले. त्यांचं हसणं फार छान आहे, ते मी नाकारत नाही. "तुम्ही ना मॅडम, फार स्पष्ट बोलता."

मी एक काजू उचलला आणि बाहेर पडले. मला खरा राग आला तो त्यांनी मला सुपारी द्यावी याचा नव्हे. मी ती घेईन, असं त्यांना वाटलं याचा होता. एवढी वर्षं नोकरी करून माझ्याबद्दल माणसाचं हे मत व्हावं, याची मला लाज वाटली. कॅन्टीनमध्ये शबाना माझी वाट बघत बसली होती. तिला वाटत होतं मी तिला समजावणार. पाठ केल्यासारखं ती भराभरा बोलायला लागली, "मॅडम, मला माहिताय माझं नुकसान होईल, अब्बाही तेच म्हणतात, पण..."

"गप," मी म्हटलं. "हंगाम लागला की सांग. वसमतहून पहिली एसटी कितीला आहे?"

तिनं वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहून दिली.

त्या मार्चातल्या फेऱ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. फाट्यावर उतरायचं आणि चालत जायचं. दोन्ही बाजूंना पाला कापलेली उघडी शेतं, कुदळीनं उकरलेले गड्डे, त्यांची माती झटकणाऱ्या बायांच्या रांगा. डोक्यावर ऊन, पायाखाली ढेकळं, आणि हवेत तो वास. शबानानं बाटल्या ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत ठेवलेल्या असायच्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक नमुना, वाफ्यांच्या आधी एक, वाफ्यांच्या नंतर एक, आणि विहिरीतला एक. त्या मार्चात वाफे पहिल्यांदा पाहिले तेव्हा शबानालाही ते ओळखू आले नाहीत. गोट्यांवर पिवळा गाळ इतका चढला होता की कर्दळीच्या देठांना बुरशी आली होती, अर्धी झाडं आडवी. उरलेल्या अर्ध्यांवर कुणाच्यातरी शेळ्या चरत होत्या. बोर्ड मात्र शाबूत होता. बोर्डावर सगळ्यांची नावं होती, रंग ताजा होता.

विहिरीवर गयाबाई भेटल्या. वस्तीतल्या. वयानं माझ्याहून मोठ्या, हंगामात हळद निवडायला जायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि घागर भरत राहिल्या. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "पुन्हा आलात व्हय? मागल्या टायमाला बी असंच बाटल्या भरून नेलं. त्याच्यानंतर आमचा नळ गेला."

शबानाचा चेहरा पडला. तिनं काहीतरी समजावायला तोंड उघडलं, पण गयाबाईच पुढं बोलल्या.

"सुनंचं लेकरू वसमतला नेलंय कालच्याला. सलाईन लावलं. जुलाब थांबून न्हाई राहिले. मंग सांगा, कशाला भरता बाटल्या? काहून?"

शबाना म्हणाली, "मावशी, मागच्या वेळी चुकीच्या दिवसांत भरल्या. या बराबर दिवसांत भरतोय."

गयाबाईंनी घागर कंबरेवर घेतली. "तुमचे दिवस कवाचे बराबर असत्यात, आमाला काय म्हाईत," म्हणाल्या आणि गेल्या. लेकरू वाचलं, हे आधीच सांगून टाकते. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि आम्ही तशाच फाट्यापर्यंत चालत परत आलो. फाट्यावर एका टपरीवर चहा घेतला. शबानाच्या बोटांना हळदीचा रंग लागला होता, कपावर उमटला.

निकाल काय येणार हे दोघींना ठाऊक होतं, आणि तो तसाच आला. वाफ्यांच्या आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी यांत काडीचा फरक नव्हता. विहिरीचं पाणी पिण्याच्या लायकीचं नव्हतं. शबानानं ते वार्षिक आढाव्यात मांडलं. मोठा हॉल, पुढं समिती, मागं आम्ही मेंटॉर मंडळी पिशव्या घेऊन. तिनं एकेक आकडा वाचून दाखवला. शेवटी म्हणाली, "म्हणून आधीच्या निष्कर्षातलं श्रेय कर्दळीला देता येत नाही. तो फरक पावसाळ्यानं पडला होता." समितीतल्या एकानं घड्याळ पाहिलं. सर उठले, माईक घेतला, आणि त्या छान हसण्यानं म्हणाले, "शबानानं आपल्या तंत्रज्ञानाचा पुढचा टप्पा किती गरजेचा आहे ते फार सुंदर दाखवून दिलं." टाळ्या पडल्या. मला सांगा, असल्या माणसाला शिवी द्यायची तरी कशी? ती शिवीसुद्धा तो प्रस्तावात घालून नवा निधी आणील. आणि आणलाच. 'हंगामी बदलांचा अभ्यास' असं नाव होतं, आणि त्यात शबानाचं नाव नव्हतं.

तिला मात्र आठवडाभरात निरोप गेला. विषय बदला, नाहीतर मार्गदर्शक बदला. दुसरे मार्गदर्शक कुठून आणायचे? ज्याच्याकडं गेली त्याची जागा भरलेली निघाली. मला मार्गदर्शक म्हणून मान्यता नव्हती. त्यासाठी जिथं निबंध छापावे लागतात तिथं पैसे टाकले की भाकरीवर लिहून पाठवलेलंही छापतात, आणि मी त्या नादी कधी लागले नाही. याचा मला तोवर अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, छापले असते तर बरं झालं असतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं म्हणणं पडलं की पोरीनं जरा थांबायला हवं होतं. आधी पदवी घ्यायची, मग काय ते खरं बोलायचं. हे म्हणणाऱ्यांना पदव्या मिळून वीसपंचवीस वर्षं झाली होती. खरं बोलायला ते अजून कुणाची वाट बघत होते, देव जाणे.

शबाना आता वसमतला कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. पोरींना रसायनशास्त्र शिकवते, चांगलं शिकवते असं ऐकते. माझ्याकडं कधी रडगाणं गायली नाही. मीच एकदा विचारलं, "पस्तावलीस का?" तर म्हणाली, "पस्तावा कसला मॅडम, पण वाईट वाटतं. डॉक्टर म्हणून अब्बांना दुकानावर पाटी लावायची होती." आणि हसली. मला ते हसणं बघवलं नाही. मी पर्समध्ये उगीच काहीतरी शोधत राहिले.

राहिली नळाची फाईल. शबानाचे आकडे आम्ही ग्रामसभेत नेऊन वाचले. सरपंच काही धर्मराज नव्हता. आधी विद्यापीठाचा अहवाल आला तेव्हा त्यानंच सरांना फेटा बांधला होता. पण निवडणूक दारात होती आणि खालच्या वस्तीची मतं मोजून घेण्यासारखी होती. त्यानं आकडे अर्जाला जोडले, फाईल पुन्हा चालती केली. एखादं चांगलं काम आपल्याकडं चांगल्या कारणानं होईल अशी आशा मी केव्हाच सोडली आहे. झालं ना, मग झालं म्हणायचं. पुढच्या हंगामात, म्हणजे गेल्या वर्षी, नळाचं उद्घाटन ठरलं. आणि प्रमुख पाहुणे कोण? सर.

मी जाणारच नव्हते. शबानानं फोन केला. "चला की मॅडम, नळ बघून येऊ. सरांकडं बघायचं नाही." म्हणून गेलो. खालच्या वस्तीत छोटा मंडप, नळाला लाल फीत, तोटीला झेंडूची माळ. सरांनी फीत कापली, तोटी फिरवली, पाणी आलं. त्यांनी धारेखाली ओंजळ धरली, फोटो होईपर्यंत धरून ठेवली, मग पाणी खाली सोडून रुमालाला हात पुसले. स्टेजवर जाऊन त्यांनी कर्दळीवर भाषण केलं. विज्ञान तळागाळापर्यंत कसं पोचलं ते सांगितलं. मध्येच घसा कोरडा पडला तसं समोरच्या टेबलावरची बाटली उघडली आणि दोन घोट घेतले. बाटली दुकानातली होती, सीलबंद. नळ तिथून हाताच्या अंतरावर वाहत होता. मी शबानाकडं पाहिलं. ती सरांकडं बघत नव्हती, ठरल्याप्रमाणं. ती नळावर उड्या मारणाऱ्या पोरांकडं बघत होती. लेकरं कुणाची वाट बघतात? त्यांनी कधीच तोटीला तोंडं लावली होती.

भाषण चालू असतानाच गयाबाई उठल्या. नळावर गेल्या, घासलेला तांब्या भरला, आणि स्टेजच्या समोरून, सरांच्या समोरून, सरळ मागं आल्या. आम्ही दोघी सतरंजीच्या काठाला बसलो होतो. त्यांनी तांब्या शबानापुढं धरला.

"घे पोरी. पह्यलं तुझं."

शबाना गडबडली. दोन्ही हात पुढं केले आणि मागं घेतले. "मावशी, रोजा आहे माझा. रमजान चालू आहे. आत्ता पाणी चालत नाही."

मला वाटलं, आता या तांब्या माझ्याकडं करतील. मी हातही पुढं करत होते. गयाबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"सुटतो कवा?"

"दिवस मावळल्यावर."

"ऱ्हाऊ दे मंग." त्यांनी तांब्या घरी नेला, उंबऱ्याच्या आत सावलीला ठेवला, वर ताटली झाकली. सून म्हणाली, "आत्या, तुमी तरी प्या की. सकाळपून पाणी न्हाई तोंडात." गयाबाई म्हणाल्या, "पाव्हणीच्या आधी?" आणि निघाल्या शेजारच्या खळ्यावर, हळद वरखाली करायला. सून दारातच उभी राहिली. कडेवर लेकरू होतं, तेच, वसमतला नेलेलं. आता चांगलं अंगानं भरलं होतं आणि आईच्या कानातलं ओढत होतं.

सरांची गाडी गेली. मंडपवाल्यानं बांबू उपटले. सरपंच आम्हाला दोनदा म्हणाला, एसटी चुकेल. शबाना म्हणाली, चुकू द्या. आम्ही गयाबाईंच्या ओसरीवर बसून राहिलो. समोर खळ्यावर त्या पायानं हळद परतत होत्या, मधूनच पदरानं कपाळ पुसत होत्या. चैत्राकडं झुकलेलं ऊन, पाणी दहा पावलांवर, आणि बाई तहानलेली. मी एकदा उठून म्हटलंही, "गयाबाई, आता पुरे, प्या घोटभर." त्या म्हणाल्या, "बसा हो बाई, इतके साल बसलो, आता काय सांजपर्यंत."

सांज झाली. शबानानं फोनवर वेळ पाहिली आणि ओढणी डोक्यावर घेतली. गयाबाई आत जाऊन तांब्या घेऊन आल्या, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. शबानानं ओठांतल्या ओठांत दुआ म्हटली, गूळ तोंडात टाकला, आणि तांब्यातलं अर्धं पाणी प्यायली. मग तांब्या परत पुढं केला. "मावशी, आता तुम्ही."

गयाबाईंनी तोच तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि उभ्याउभ्या रिकामा केला. तोंड पुसलं. नळाकडं पाहिलं.

"आणखी आणू का पोरी?" म्हणाल्या. "आता काय, दारातच हाय."